सेरुलोप्लास्मिनचा आकडा आणि घाईचा निकाल

रक्तातले सेरुलोप्लास्मिन नॉर्मल आले की विल्सनचा आजार नाही आणि कमी आले की तो आहेच, अशा सरळ हिशेबावर आज कित्येक घरांतले निर्णय होतात. हा हिशेब चुकीचा आहे. त्याची किंमत बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वयातले पोर मोजते, आणि ती पुढे भरून निघत नाही.

हैदराबादच्या जामबागेत हा विषय काढायला कारण आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था इथे आहे. कोठीचे उस्मानिया मेडिकल कॉलेज इथून जवळ, आणि मुसी नदीकाठचे अफझलगंजचे उस्मानिया रुग्णालयही फार लांब नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. राज्य बदलले, पण दुखणे वाढले की ‘हैदराबादला दाखवू’ म्हणण्याची नांदेड, देगलूर, उदगीरकडची सवय गेली नाही. असा रुग्ण येतो तेव्हा सोबत रिपोर्टांची जाडजूड फाईल असते. मुलाला सारखी कावीळ होते, किंवा अक्षर बिघडत चालले आहे, हात थरथरतो, बोलणे जड झाले आहे, तोंडातून लाळ गळते, स्वभाव एकाएकी बदलला आहे. त्या फाईलीत एका ओळीत सेरुलोप्लास्मिन, पुढे आकडा आणि त्यापुढे २० ते ४० मिलिग्रॅम अशी मर्यादा छापलेली असते. आकडा त्या मर्यादेत बसला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाईल मिटते. हा लेख त्या मिटलेल्या फाईलीच्या विरोधात आहे.

सेरुलोप्लास्मिन हे यकृतात तयार होणारे निळसर प्रथिन. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू बसतात, आणि रक्तद्रवातले नव्वद टक्क्यांहून अधिक तांबे एकट्या याच प्रथिनात असते. होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी १९४८ साली ते शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच्या ३६ वर्षे आधी, १९१२ मध्ये, किनियर विल्सन यांनी लंडनहून एका विचित्र कौटुंबिक आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले होते: तरुण वयात मेंदूचा एक भाग झिजतो आणि सोबत यकृतही आक्रसून कठीण होते. या रुग्णांच्या रक्तात सेरुलोप्लास्मिन कमी असते, हे शाइनबर्ग आणि गिटलिन यांनी १९५२ साली दाखवले. तेव्हापासून ही तपासणी विल्सनच्या आजाराशी जोडली गेली.

पण जोड कशी आहे ते पाहिले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. विल्सनचा आजार ज्या जनुकातल्या दोषामुळे होतो ते एटीपी७बी, तेराव्या गुणसूत्रावर, १९९३ मध्ये सापडले. सेरुलोप्लास्मिनचे स्वतःचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असते आणि विल्सनच्या रुग्णात ते ठणठणीत असते. एटीपी७बीची कामे दोन: यकृताच्या पेशीत तयार होणाऱ्या सेरुलोप्लास्मिनमध्ये तांबे भरायचे आणि उरलेले जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकायचे. हे काम थांबले की तांबे यकृतात साचते, पेशी मरू लागतात, आणि मग ते रक्तात सुटून मेंदूत, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला, मूत्रपिंडात जाऊन बसते. तांब्याविना बाहेर पडलेले सेरुलोप्लास्मिन काही तासांतच मोडते, म्हणून रक्तात ते कमी दिसते. म्हणजे रिपोर्टातला आकडा शरीरात साचलेल्या तांब्याचा नाही. तो एका प्रथिनाचा आहे, आणि ते प्रथिन कमीजास्त व्हायला विल्सनखेरीज अनेक कारणे आहेत.

त्यातले सर्वात मोठे कारण म्हणजे दाह. कोविडच्या दोन-तीन वर्षांत सीआरपी हा शब्द घरोघरी पोचला. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० मध्ये शोधलेले ते प्रथिन शरीरात कुठेही दाह पेटला की शेकडो पटींनी, कधी हजार पटींपर्यंत चढते. सेरुलोप्लास्मिनही त्याच जातीचे, दाहात वाढणारे प्रथिन आहे. मात्र ते निम्म्यानेच वाढते, म्हणून त्याची वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आता एक साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या विल्सनच्या मुलाची मूळ पातळी १४ आहे. त्याला ताप आहे, पोटात संसर्ग आहे किंवा यकृतालाच सूज आहे. १४ मध्ये निम्मी भर पडली की २१ होतात, आणि मर्यादा २० पासून सुरू होते! रिपोर्टवर ‘सामान्य’ छापून येते. यंत्राने मोजले ते बरोबरच मोजले. पण विल्सनच्या मुलाचे यकृत बहुधा सुजलेलेच असते, म्हणजे आजार आपली खूण आपणच झाकतो. ज्या तपासणीला ही सवय आहे तिच्या ‘सामान्य’ला सीआरपी न पाहता, ताप आणि यकृताची अवस्था न पाहता, निकाल मानणे म्हणजे रुग्णाला परत आजाराच्या हाती देणे आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना इस्ट्रोजेनमुळे ही पातळी वर जाते. विशीतली नवी लग्न झालेली मुलगी हात थरथरतो म्हणून दाखवायला येते, ती कोणत्या गोळ्या घेते हे सासू-नवऱ्यासमोर विचारायचे राहून जाते, आणि आकडा मर्यादेत बसतो. मोजण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. बऱ्याच प्रयोगशाळा प्रतिपिंड वापरून हे प्रथिन मोजतात. त्या पद्धतीत तांबे असलेले आणि तांबे नसलेले, दोन्ही मोजले जाते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो.

हा आकडा सर्वात जास्त दगा देतो तो सर्वात धोक्याच्या वेळी. विल्सनचा आजार कधी कधी पहिल्याच दर्शनात यकृत अचानक निकामी करतो. कावीळ झपाट्याने चढते, रक्तपेशी फुटू लागतात, मूल भ्रमात जाते. अशा वेळी सेरुलोप्लास्मिनवर भिस्त ठेवता येत नाही. कोरमन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की अशा रुग्णांत साध्या लिव्हर फंक्शन टेस्टमधली दोन गुणोत्तरे जास्त कामाची ठरतात. अल्कलाइन फॉस्फटेजला एकूण बिलिरुबिनने भागून चारपेक्षा कमी आणि एएसटीला एएलटीने भागून २.२ पेक्षा जास्त आले, तर विल्सनचा संशय पक्का धरून यकृत प्रत्यारोपणाची तयारी करावी लागते. ही गुणोत्तरे काढायला नवे यंत्र लागत नाही, आकडे फाईलीत आधीच असतात. पण ज्याने सेरुलोप्लास्मिनवर बोट ठेवून प्रकरण मिटवले, तो ती ओळ वाचत नाही.

आता उलट बाजू. आकडा कमी आला म्हणजे विल्सन, असे धरणारेही तितकेच चुकतात. तान्ह्या बाळात ही पातळी निसर्गतःच कमी असते. कुपोषणात, मूत्रपिंडातून किंवा आतड्यातून प्रथिने वाहून जाणाऱ्या आजारांत, आणि कोणत्याही कारणाने शेवटच्या अवस्थेला पोचलेल्या यकृतातही ती उतरते. दोषी जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकांपैकी सुमारे २० टक्क्यांत ती कमी सापडते, आणि वाहकाला आजार होत नाही. आणखी एक अगदी दुर्मीळ आजार आहे, १९८७ साली जपानमधून वर्णिलेला. त्यात सेरुलोप्लास्मिनचे स्वतःचेच जनुक बिघडलेले असते आणि मेंदूत तांब्याऐवजी लोह साचते. त्या रुग्णाला विल्सनचे औषध देणे चुकीचे.

कमी आकडा म्हणजे विल्सनच नव्हे, याचा पुरावा व्हिएन्नात मिळाला. १९९७ मध्ये कौझा आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या तक्रारीसाठी आलेल्या २,८६७ रुग्णांचे सेरुलोप्लास्मिन तपासले. १७ जणांत ते कमी निघाले. विल्सन होता त्या १७ पैकी एकाला. म्हणजे कमी आकड्याच्या दर १०० रुग्णांत सहाच जणांना आजार. ही यकृताच्या रुग्णांची गोष्ट झाली. धडधाकट माणसांना गठ्ठ्याने तपासले तर गणित आणखी बिघडते. विल्सनचे प्रमाण ढोबळमानाने ३०,००० त एक आणि वाहकांचे ९० त एक धरले जाते. ३०,००० जणांची चाचणी केली तर रुग्ण एक, वाहक ३३० च्या आसपास, आणि त्यांतले पाचात एक कमी आकड्याचे, म्हणजे साठ-सत्तर निरोगी माणसे. एका रुग्णासाठी साठ-सत्तर घरांत उगीच रडारड. त्यामुळे ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ही तपासणी भरण्याला विरोध केला पाहिजे. लक्षणे नाहीत, घरात कुणाला आजार नाही, अशा माणसाला हा आकडा विकण्यात प्रयोगशाळेचा फायदा असेल, माणसाचा नाही.

याच आकड्याचा सर्वात कठोर धडा मराठी मुलखाने फार जवळून घेतला आहे, आणि तो इतक्या लवकर विसरला जावा याचे वाईट वाटते. १९७० आणि ८० च्या दशकांत पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून तान्ही आणि रांगती मुले पोट फुगलेल्या, यकृत दगडासारखे झालेल्या अवस्थेत आणली जात. कावीळ चढे आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरातले दुसरे मूलही त्याच वाटेने जाई. आजाराचे नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिरोसिस’ पडले होते. घराण्यात चालते म्हणून तो आनुवंशिक समजला जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड होते. विल्सनच्या निदानासाठी कोरड्या यकृताच्या ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅम तांबे ही रेषा मानतात. या मुलांत ते त्याच्या कितीतरी पट भरे. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी संशयित कारण मांडले: बाळाला फार लवकर सुरू केलेले गाई-म्हशीचे दूध, आणि ते तापवायला व ठेवायला वापरलेली पितळी-तांब्याची भांडी, ज्यांची कल्हई उडालेली होती. दुधातले केसिन तांब्याला धरून ठेवते, आणि ते घोटाघोटाने बाळाच्या यकृतात जाते. १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आणि त्यांच्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून त्यांनी हे आणखी पक्के केले.

त्या मुलांचे सेरुलोप्लास्मिन किती होते? नॉर्मल, कधी नॉर्मलपेक्षाही जास्त. यकृत तांब्याने भरलेले आणि रक्ताचा कागद निर्दोष! त्यांच्या एटीपी७बीमध्ये बिघाड नव्हता. सेरुलोप्लास्मिनमध्ये तांबे नीट भरले जात होते, आणि सुजलेल्या यकृतामुळे पातळी वरच सरकत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी ‘आकडा सामान्य आहे’ म्हणून तांब्याचा विचार तिथेच सोडला असता, तर कल्हईपर्यंत कुणी पोचले नसते. त्यांनी यकृताचा तुकडा तपासला, आईला विचारले, घरचे पातेले पाहिले. पुढे स्टीलची भांडी घरोघरी आली, दवाखान्यांतून आयांना सांगितले जाऊ लागले, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. वेळेत आणलेली काही मुले पेनिसिलामाइन या तांबे काढणाऱ्या औषधाने वाचलीही. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात तांब्याच्या भांड्यांतल्या दुधाने दगावलेल्या १३८ बाळांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. भांडी बदलल्यावर तिथेही आजार थांबला.

जामबागेहून बेगम बाजार जवळ. तांब्या-पितळेच्या भांड्यांची ती जुनी बाजारपेठ, आणि सध्या तांब्याच्या बाटल्यांना मागणीही भरपूर आहे. त्यामुळे इथे दोन उलट्या समजुती शेजारी शेजारी नांदतात. एक, विल्सन तांब्याच्या भांड्यामुळे होतो. हे खोटे आहे, तो जन्मतःच मिळतो. दुसरी, तांब्याचे भांडे सगळ्यांनाच हितकर. हेही खोटे. विल्सनच्या रुग्णाने तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी पिऊ नये, आणि बाळाचे दूध बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात कुणीही ठेवू नये. धडधाकट माणसाच्या एका पेल्याने विशेष बिघडत नाही.

आनुवंशिकतेबद्दलही एक वाक्य हमखास ऐकू येते: आमच्यात नात्यात लग्न झालेले नाही, मग हा आजार कसा असेल? त्यावर विश्वास टाकून डॉक्टरही कधी कधी पुढची चौकशी सोडतात. ९० त एक वाहक धरला तर दोन अनोळखी वाहकांची गाठ पडण्याची शक्यता ८,१०० त एक, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. गुणाकार ३२,४०० त एक, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणाइतकाच. नात्याबाहेर लग्न करणाऱ्या घरांतही हा आजार येतो. नात्यातले लग्न तो धोका वाढवते, आणि या भागात ते दुर्मीळ नाही. मराठी घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, तेलुगू आणि कन्नड घरांत सख्ख्या मामा-भाचीचेही. मुंबईत डॉ. दस्तूर, मंघानी आणि नोशीर वाडिया यांनी १९६८ साली भारतातल्या १६ कुटुंबांचा भूगोल, वंशावळ आणि लक्षणे मांडून हा आजार इथल्या घराण्यांत कसा फिरतो ते दाखवले होते. भारतीय डॉक्टरांना हा आजार इतक्या आधीपासून माहीत आहे, तरी आजही कित्येक रुग्ण साध्या काविळीच्या औषधांत, काढ्यांत किंवा मानसिक आजाराच्या गोळ्यांत वर्षे घालवून मग योग्य जागी पोचतात. आणि घरी दोष जातो तो आईला. दोषी प्रत आई-वडील दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे जवळ बसून सासरच्यांना सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

डॉक्टरांच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत शेकडो रुग्ण, एका रुग्णाला काही मिनिटे, बाहेरगावचे नातेवाईक संध्याकाळच्या बसने परत जाणारे. अशा वेळी एका रक्ताच्या थेंबात उत्तर देणारी स्वस्त तपासणी नाकारणे ही पुस्तकी श्रीमंती आहे, असे हे म्हणणे. या अडचणीचा आदर केलाच पाहिजे. पण त्या तपासणीतून उत्तर मिळत नाही, उत्तराचा भास होतो. चुकलेल्या निदानानंतर पाच वर्षांनी तोच मुलगा प्रत्यारोपणासाठी येतो, तेव्हा त्याचे आईबाप शेत विकायला काढतात. स्वस्ताई मोजायची तर तिथपर्यंत मोजावी.

शिवाय उरलेल्या पायऱ्या महाग नाहीत. स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे दिसते का, हे पाहायला नेत्रतज्ज्ञाला काही मिनिटे लागतात. कायझर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये नोंदवलेली ही खूण आहे, आणि मेहदीपट्टणमच्या सरकारी सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयासारखी जागा या शहरात आहे. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक सगळ्या रुग्णांत हे कडे दिसते. यकृतापुरता आजार असेल तर निम्म्यांतच दिसते, म्हणून डोळा स्वच्छ दिसला तरी प्रकरण मिटत नाही. मग चोवीस तासांची लघवी. सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून सगळी साठवायची, आणि धातूचा संपर्क नसलेल्या, प्रयोगशाळेनेच दिलेल्या बाटलीत. लक्षणे असलेल्या रुग्णात त्यात १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबे निघाले तर ते विल्सनकडे बोट दाखवते. लहान मुलांत ४० पासूनच कान टवकारावे लागतात. या चाचणीला पैशापेक्षा समजावणारा माणूस लागतो. एक नर्स दहा मिनिटे मराठीत किंवा तेलुगूत नीट बोलली, तर बाटली बरोबर भरून येते.

ही सगळी उत्तरे एकत्र कशी तोलायची याचा मार्गही जगाने घालून दिलेला आहे. २००१ साली लाइपझिगला जमलेल्या तज्ज्ञांनी गुणांची पद्धत ठरवली. सेरुलोप्लास्मिन १० च्या खाली असेल तर दोन गुण, १० ते २० मध्ये एक. डोळ्यातल्या कड्याला दोन, मेंदूच्या ठळक लक्षणांना दोन, कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह असताना रक्तपेशी फुटत असतील तर एक. लघवीतल्या आणि यकृतातल्या तांब्याला वेगळे, आणि जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष सापडला तर थेट चार. बेरीज चार झाली की निदान पक्के. सेरुलोप्लास्मिन कितीही कमी असो, एकट्याच्या जोरावर त्याला दोनापुढे जाऊ दिलेले नाही. आणि ते नॉर्मल असले तरी बाकीच्या खुणा मिळून चार गाठू शकतात. ज्यांनी आयुष्य या आजारात घातले त्यांनी या आकड्याची योग्यता ठरवली आहे: साक्षीदाराची, न्यायाधीशाची नव्हे.

एकाच खुणेवर विसंबण्याचा हट्ट हैदराबादने यापूर्वी पाहिला आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये अफझलगंजला एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. दुसऱ्या वेळी निजाम सरकारच्या खर्चाने ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन लंडनहून आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. लॉरी यांचा निष्कर्ष ठाम होता: भूल देताना श्वासावर लक्ष ठेवा, नाडीकडे पाहायची गरज नाही, कारण क्लोरोफॉर्म हृदय थेट थांबवत नाही. माणूस कष्टाळू होता, प्रामाणिक होता, आणि चुकत होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवले की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके विस्कटून एकाएकी मृत्यू येऊ शकतो. श्वास पाहणे योग्यच होते. नाडी सोडून देणे प्राणघातक होते. कोठीच्या मेडिकल कॉलेजची परंपरा ज्या शाळेतून आली, तिचेच लॉरी प्राचार्य होते. या शहरातल्या विद्यार्थ्यांना हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. तो या चुकीसकट सांगितला जावा.

दुसऱ्या टोकाला जाऊन ही तपासणीच टाकाऊ ठरवणारेही आहेत. त्यांचे म्हणणे मान्य करता येणार नाही. तरुण माणसाचे यकृत कारणाविना खराब होत असेल, किंवा चाळिशीच्या आत कंप, ताठरता, बोलण्यात अडथळा सुरू झाला असेल, तर सेरुलोप्लास्मिन करायलाच हवे. १० च्या खालचा आकडा फार बोलका असतो. अट इतकीच की सोबत सीआरपी, यकृताची अवस्था, वय, गोळ्या, गरोदरपण यांची नोंद हवी, आणि ताप-संसर्ग उतरल्यावर गरज पडली तर आकडा पुन्हा घ्यावा. सेरुलोप्लास्मिन वेगळे करणाऱ्या लॉरेल यांनीच एरिक्सन यांच्यासह १९६३ मध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची आनुवंशिक कमतरता शोधली, आणि तिथेही हाच सापळा आहे. ते प्रथिनही दाहात वाढते, म्हणून मधल्या पातळीच्या रुग्णात कमतरता झाकली जाते आणि प्रकार ठरवायला पुढची तपासणी लागते.

जनुक तपासणी हे शेवटचे उत्तर म्हणून सांगितले जाते. हैदराबादला ती सोय जवळ आहे. डीएनए तपासणीची राष्ट्रीय संस्था सीडीएफडी काही वर्षे नामपल्लीतच होती, आता उप्पलला आहे. पण युरोपात एच१०६९क्यू हा एक बदल पुष्कळ रुग्णांत सापडतो, चीनमध्ये आर७७८एल. भारतात असा एकच बदल पुढे येत नाही, ते विखुरलेले आहेत, म्हणून सगळे जनुक वाचावे लागते, आणि एखाद्या बदलाचा अर्थ लागत नाही असेही होते. जनुक तपासणीचा खरा उपयोग भावंडांना होतो. रुग्णाचे दोन्ही दोष एकदा कळले की भावाबहिणीत तेच आहेत की नाहीत, याचे उत्तर दाह, वय, गोळ्या यांपैकी कशानेही हलत नाही. आणि भावंडांची तपासणी हा या विषयातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक धोका असतो. रुग्णाच्या उपचारांत गुंतलेले घर धाकट्याला घेऊन येत नाही, आणि ‘त्याचे सेरुलोप्लास्मिन केले होते, नॉर्मल होते’ एवढ्यावर डॉक्टरही विषय सोडतात. लक्षणे सुरू होण्याआधी औषध मिळाले तर ते मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. वॉल्शे यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन आणले, पुढे ट्रायंटिन आले, जस्ताच्या गोळ्या आल्या. आनुवंशिक आजारांत इतके हातात असलेले आजार फार थोडे आहेत.

आणि उपचार सुरू झाल्यावरही हा आकडा नुकसान करत राहतो. औषध चालू असताना दर सहा महिन्यांनी सेरुलोप्लास्मिन करून घेणारे रुग्ण आहेत. आकडा वर येत नाही, कधी आणखी उतरतो. औषध लागू पडत नाही असे वाटून घरचे ते थांबवतात, किंवा कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्या उपचाराकडे वळतात. औषध शरीरातले तांबे काढते, बिघडलेला एटीपी७बी दुरुस्त करत नाही, मग सेरुलोप्लास्मिनने वर यावे तरी कशाला? उपचाराची गती लघवीतल्या तांब्यावरून, यकृताच्या चाचण्यांवरून, रक्तपेशींच्या मोजणीवरून आणि प्रत्यक्ष तब्येतीवरून पाहायची असते. पेनिसिलामाइन सोडलेल्या रुग्णांचे काय झाले ते वॉल्शे यांनीच १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवले आहे: चांगले सावरलेले रुग्णही औषध थांबवल्यावर थोड्याच वर्षांत यकृत निकामी होऊन गेले. म्हणून विल्सनचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या फाईलीवर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत, ठळक लिहून द्यावे की सेरुलोप्लास्मिन कमीच राहणार आहे आणि गोळी जन्मभर चालू ठेवायची आहे.